तीन आंधळे उंदीर आणि एक मुलगा

गेल्या दिवाळीत बहिणीची लेक आमच्याकडे आठ दिवस राहायला होती. वय वर्षं साडेचार. इंग्रजी माध्यमाच्या शिशुवर्गात जाते. त्यामुळे कपड्यांच्या पिशवीबरोबर गाण्यांचा साठाही घेऊन आली होती. जेवताना, आंघोळीच्या वेळी, झोपताना, गाणी चालूच. त्यातलं तीन आंधळ्या उंदरांचं गाणं तिचं विशेष लाडकं. शेवटी दोन बोटांची कात्री करून ती हवेत काहीतरी कचाकच कापायची आणि खदखदून हसायची.

एकदा आईने विचारलं, "काय कापतेय रे ती?" मी म्हटलं, "शेपट्या. उंदीर शेतकऱ्याच्या बायकोच्या मागे लागतात, म्हणून ती त्यांच्या शेपट्या कापते." आई म्हणाली, "अगंबाई! आंधळ्यांच्या?" आणि गप्प बसली. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "आपल्या गोष्टीत तरी काय, कावळा भाजतोच की तव्यावर."

खरं आहे. चिऊताईने दार उघडायला केलेली ती टाळाटाळ आणि शेवटी पोळलेला कावळा ऐकतच आपण सगळे घास गिळायला शिकलो. पण मी विचार करत होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं. आमच्या वर्गात इंग्रजी आलं तेच पाचवीत, थेट व्याकरण घेऊन. म्हणजे ही इंग्रजी बालगीतं मी लहानपणी कधी म्हटलीच नाहीत. मला ती भेटली पुढे, वाचनालयातल्या जुन्या, पिवळ्या पानांच्या पुस्तकांत. आणि प्रत्येक गाण्याबरोबर निदान एक तरी प्रेत होतं!

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवरून मी अगाथा ख्रिस्तीकडे वळलो तेव्हा कॉलेजात होतो. तिच्या पुस्तकांची काही नावं मला फार विचित्र वाटायची. 'फाइव्ह लिटल पिग्ज', 'हिकरी डिकरी डॉक', 'अ पॉकेट फुल ऑफ राय'. खुनाच्या कादंबरीला असलं नाव का द्यावं? इंग्रज वाचकाला ते सांगावं लागत नव्हतं, कारण नाव वाचताक्षणी त्याच्या डोक्यात लहानपणची चाल वाजायला लागायची. मला मात्र आधी खून वाचून मग गाणं शोधावं लागायचं. असा उलटा प्रवास केलेले माझ्यासारखे बरेच असतील.

या प्रकाराची सुरुवात ख्रिस्तीने केली असं पुष्कळांना वाटतं, पण तिच्या आधी एक अमेरिकन लेखक होता, एस. एस. व्हॅन डाइन. त्याची 'द बिशप मर्डर केस' १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्यात रॉबिन नावाचा माणूस बाण लागून मेलेला सापडतो. इंग्रजीत कॉक रॉबिन या पक्ष्याच्या मरणाचं एक जुनं गाणं आहे, अठराव्या शतकाच्या मध्यापासून छापील स्वरूपात मिळणारं. त्यात चिमणा येऊन आपणच बाणाने त्याला मारल्याचं कबूल करतो. कादंबरीत संशय ज्याच्यावर येतो त्याचं आडनाव स्पर्लिंग, आणि जर्मन भाषेत स्पर्लिंग म्हणजे चिमणा! पुढचे खूनही असेच एकेका बालगीताबरहुकूम होत जातात. न्यूयॉर्कसारखं आधुनिक शहर, गणित आणि पदार्थविज्ञानाच्या गप्पा मारणारी विद्वान मंडळी, आणि खुनाचा नकाशा मात्र पाळण्याजवळच्या गाण्यांचा. वाचकाला शिरशिरी येते ती या विसंगतीने.

ख्रिस्तीने ही कल्पना उचलली आणि आपल्या पद्धतीने घासूनपुसून घेतली. १९३९ ते १९५५ या काळात तिने हा खेळ पुन्हापुन्हा मांडलेला दिसतो. १९४० च्या 'वन, टू, बकल माय शू'मध्ये प्रकरणांची नावंच गाण्यातल्या आकड्यांप्रमाणे आहेत. १९४२ च्या 'फाइव्ह लिटल पिग्ज'मध्ये गाण्यातली पाच डुकरं म्हणजे पाच संशयित. खून सोळा वर्षांपूर्वीचा, आणि पॉयरो त्या पाच जणांच्या आठवणी एकेक करून तपासतो. तिच्या उत्तम पुस्तकांत मी याची गणना करीन. १९४९ चं 'क्रुकेड हाउस' हे तिचं स्वतःचंही आवडतं पुस्तक होतं. त्यातलं घर वाकडं आणि घरातल्या माणसांची मनंही. उलट 'हिकरी डिकरी डॉक'मध्ये गाण्याचा संबंध रस्त्याच्या नावापुरताच. दर वेळी देवी प्रसन्न होतेच असं नाही.

मग या गाण्यांत असं काय आहे? मला वाटतं, पहिली गोष्ट म्हणजे क्रम. बालगीतात पुढे काय येणार ते प्रत्येकाला पाठ असतं. एरवी रहस्यकथेत वाचकाला भीती वाटते ती पुढचं ठाऊक नसल्याची. इथे पुढचं ठाऊक असल्याचीच भीती वाटते. दुसरी गोष्ट अशी की या गाण्यांत माणसं आणि प्राणी मरतात, पण रडत कोणीच नाही. राणी मध खात बसते, नोकराणीचं नाक पक्षी तोडून नेतो आणि पोरं टाळ्या वाजवतात. खुन्याला हवं असतं ते हेच. त्याने काही केलेलं नाही, गाण्यातच तसं लिहिलंय!

'अँड देन देअर वेअर नन' हे या सगळ्यांतलं शिखर. बेटावर अडकलेली दहा माणसं, प्रत्येकाच्या खोलीत टांगलेलं तेच गाणं, आणि एकेक कमी होत जाणारी जेवणाच्या टेबलावरची बाहुली. पण या पुस्तकाची एक बाजू आपण सहसा बोलत नाही. हे गाणं पाळण्याजवळ जन्मलेलं नाही. १८६८ मध्ये सेप्टिमस विनर या अमेरिकन गीतकाराने ते तिथल्या मूळ रहिवाशांची टिंगल करायला लिहिलं. दुसऱ्याच वर्षी लंडनमध्ये फ्रँक ग्रीनने त्याचं रूपांतर काळ्या लोकांच्या टिंगलीत केलं. तोंडाला काळं फासून गोऱ्यांनी करायच्या त्या वेळच्या तमाशांसाठी ते होतं. म्हणजे दहा जण एकामागून एक मरतात याचं हसू यावं म्हणूनच हे गाणं रचलेलं. १९३९ मध्ये इंग्लंडात पुस्तक निघालं तेव्हा त्याच्या नावातच ती शिवी होती. अमेरिकन प्रकाशकाने सुरुवातीपासून ती टाळली, इंग्लंडात मात्र ती १९८० च्या दशकापर्यंत टिकली. फ्रेंच भाषांतराचं नाव बदललं तेही २०२० मध्ये.

आपल्याकडे याच कल्पनेवर १९६५ मध्ये 'गुमनाम' आला. दिग्दर्शक आपले राजा नवाथे. त्यात बालगीत नाही, आणि असतं तरी कुठलं घेणार होते? साऱ्या हिंदुस्थानाला पाठ असलेलं एकच बालगीत आपल्याकडे नव्हतं. होतं ते सिनेमाचं गाणं. म्हणून नवाथ्यांनी ते काम लताबाईंच्या आवाजावर सोपवलं. ते सूर कानावर आले की आता काहीतरी होणार, हे प्रेक्षकाला कळायचं. बालगीताचंच काम ते.

आता पुन्हा उंदरांकडे.

या गाण्यांबद्दल लोकांना एक फार मोठी हौस आहे. प्रत्येक गाण्यामागे काहीतरी भयंकर दडलेलं आहे असं सांगण्याची. तीन आंधळे उंदीर म्हणजे सोळाव्या शतकात मेरी राणीने जाळलेले तीन धर्मगुरू, असं हमखास सांगितलं जातं. रिंगण करून खाली बसण्याचं जे गाणं आहे ते म्हणजे लंडनच्या प्लेगचं वर्णन, असंही. ऐकायला झकास वाटतं. पण आयोना आणि पीटर ओपी या नवरा-बायकोने आयुष्यभर या गाण्यांचा पिच्छा पुरवला आणि १९५१ मध्ये ऑक्सफर्डचा बालगीतांचा कोश काढला. त्यांचा अशा कहाण्यांवर मुळीच विश्वास नव्हता. प्लेगवालं गाणं छापील स्वरूपात दिसतं तेच १८८१ मध्ये. लंडनचा मोठा प्लेग १६६५ चा. दोनशे वर्षं ते गाणं काय भूमिगत होतं? आणि प्लेगचा अर्थ चिकटवला गेला तो तर विसाव्या शतकात. उंदरांच्या गाण्याचं एक रूप १६०९ मध्ये थॉमस रेव्हन्सक्रॉफ्टच्या संग्रहात सापडतं, पण त्यातही राणी आणि धर्मगुरूंचा पत्ता नाही.

म्हणजे जिथे प्रेत नाही तिथे आपण ते उकरून काढतो. याच गाण्याच्या बाबतीत, जिथे ते खरोखर होतं, तिकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. मी सांगतोय त्या प्रेताचं नाव डेनिस ओनील. वय १२.

१९४७ मध्ये इंग्लंडची राजमाता मेरी ८० वर्षांची झाली. बीबीसीने विचारलं, वाढदिवसानिमित्त काय ऐकायला आवडेल? तिने ख्रिस्तीचं नाटक मागितलं. ख्रिस्तीने अर्ध्या तासाची श्रुतिका लिहिली, 'थ्री ब्लाइंड माइस'. ती ३० मे १९४७ रोजी प्रसारित झाली. पुढे तिने तिची मोठी कथा केली आणि मग रंगमंचासाठी नाटक. त्याच नावाचं एक नाटक आधी होऊन गेलेलं असल्याने नवं नाव शोधावं लागलं. तिच्या जावयाने 'हॅम्लेट'मधून एक शब्द सुचवला, 'द माउसट्रॅप'. ६ ऑक्टोबर १९५२ रोजी नॉटिंगहॅमला पहिला प्रयोग झाला आणि २५ नोव्हेंबरला नाटक लंडनमध्ये आलं. निर्माता पीटर सॉन्डर्सचा अंदाज होता की चौदा महिने चालेल. ख्रिस्तीला वाटलं, आठ. ते थांबलं १६ मार्च २०२० रोजी, करोनाने सारी नाट्यगृहं बंद पाडली तेव्हा. तोवर २८ हजारांहून जास्त प्रयोग झाले होते. मे २०२१ मध्ये ते पुन्हा सुरू झालं.

मी हे नाटक काही वर्षांपूर्वी, नोकरीच्या कामाने लंडनला गेलो असताना सेंट मार्टिन्स नाट्यगृहात पाहिलं. छोटंसं, लाकडी कामाचं देखणं थिएटर. बर्फात अडकलेलं अतिथिगृह, पाहुणे, मधूनच ऐकू येणारी उंदरांच्या गाण्याची चाल. शेवटी पडदा पडल्यावर एक नट पुढे येऊन सांगतो की खुनी कोण हे बाहेर कोणाला सांगू नका. प्रेक्षक हसतात. मीही हसलो, आणि इथेही तो शब्द पाळणार आहे. जे सांगतोय ते पहिल्या अंकातच कळतं. काही वर्षांपूर्वी एका शेतघरात तीन पोरक्या भावंडांना न्यायालयाने सांभाळायला ठेवलेलं असतं. तिथे त्यांचे हाल होतात. त्यातलं एक मूल मरतं. आता कोणीतरी त्याचा सूड घेतोय, आणि पहिला बळी आहे त्या घरची बाई. गाण्यातली शेतकऱ्याची बायको!

परत आल्यावर नाटकाबद्दल वाचताना मला डेनिस सापडला.

डेनिस वेल्समधल्या न्यूपोर्टचा. घरची परिस्थिती वाईट. मुलांची आबाळ होते म्हणून न्यूपोर्टच्या नगर प्रशासनाने डेनिस आणि त्याच्या भावंडांना ताब्यात घेतलं. १९४४ च्या उन्हाळ्यात डेनिस आणि त्याचा धाकटा भाऊ टेरेन्स यांना श्रॉपशर परगण्यात, मिन्स्टर्लीजवळच्या बँक फार्म नावाच्या शेतघरात ठेवलं गेलं. रेजिनाल्ड आणि एस्थर गॉफ हे तिथलं जोडपं. मुलांच्या पोटापाण्यासाठी त्यांना सरकारी भत्ता मिळे.

पुढचं लिहायला जड जातं. मुलांना पोटभर खायला मिळत नसे. शेतातल्या कंदाचा एक घास खाल्ला म्हणून डेनिसला बडवून काढल्याचं टेरेन्सने नंतर सांगितलं. गायीच्या आचळाला तोंड लावून दूध पिण्यापर्यंत पाळी आली होती. डिसेंबरात न्यूपोर्टहून एक महिला कर्मचारी पाहणीला आली. मुलाची अवस्था तिच्या लक्षात आली, आणि त्याला तिथून हलवलं पाहिजे असं तिचं मत पडलं. पण मधे नाताळ होता, कागद इकडून तिकडे जायचे होते. ९ जानेवारी १९४५ रोजी डेनिस मेला. उपासमार आणि मार.

मार्चमध्ये खटला चालला. महायुद्ध अजून संपलं नव्हतं, तरी इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत ही बातमी पहिल्या पानांवर होती. दहा वर्षांचा टेरेन्स न्यायालयात उभा राहून बोलला. रेजिनाल्ड गॉफला सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षं, एस्थरला हेळसांडीबद्दल सहा महिने.

त्यानंतर सर वॉल्टर मंक्टन यांची चौकशी झाली. त्यात जे निघालं ते आपल्याला अगदी ओळखीचं वाटेल. मुलगा न्यूपोर्टचा, घर श्रॉपशरमधलं. देखरेख कोणी करायची? याला वाटलं तो करतोय, त्याला वाटलं हा करतोय. घर निवडताना पुरेशी चौकशी केली नव्हती. कोणा एका राक्षसाने ठरवून केलेलं कारस्थान यात नव्हतं. एक क्रूर माणूस, एक कानाडोळा करणारी बाई आणि दोन कार्यालयांच्या मधली फट होती. त्या फटीत मूल पडलं. त्याच सुमाराला नेमलेल्या मायरा कर्टिस समितीने घराबाहेर वाढणाऱ्या मुलांच्या स्थितीचा अहवाल १९४६ मध्ये दिला, आणि १९४८ मध्ये मुलांविषयीचा नवा कायदा झाला. प्रत्येक ठिकाणी बालकांसाठी स्वतंत्र विभाग आणि जबाबदार अधिकारी नेमणं सक्तीचं झालं.

हे सगळं वाचल्यावर मला पहिल्यांदा ख्रिस्तीचा राग आला. एक पोर मेल्याला पुरती अडीच वर्षंही झाली नव्हती आणि त्याच्यावर राजमातेच्या वाढदिवसाची करमणूक! बर्फ, अतिथिगृह, शीळ आणि खून. आणि लोक त्याची तिकिटं सत्तरहून जास्त वर्षं काढतायत.

पण राग टिकला नाही. नाटक पुन्हा मनातल्या मनात पाहिलं तेव्हा जाणवलं की तिने गाणं निवडलं ते उगाच नव्हे. मूळ गाण्यात हसायचं असतं ते उंदरांना. आंधळे, लहान, पळणारे, आणि सुरी हातात असलेली शेतकरीण. तिने ते गाणं उंदरांच्या बाजूने उभं केलं. त्या शेतघरात मुलांना कोणी ऐकलं नाही, हा सल नाटकात सतत ठुसठुसत राहतो. एका पात्रावर तर थेट तोच आरोप आहे, की तुम्हाला कळू शकलं असतं आणि तुम्ही काही केलं नाहीत. मंक्टनच्या अहवालात जे सरकारी भाषेत आहे तेच हे.

'अ पॉकेट फुल ऑफ राय' मी पूर्वी निव्वळ कोडं म्हणून वाचलं होतं. १९५३ चं पुस्तक. त्यात ग्लॅडिस नावाच्या मोलकरणीचा खून होतो आणि गाण्याशी मेळ घालायला तिच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला असतो. ही ग्लॅडिस अनाथाश्रमातून आलेली. मिस मार्पलने तिला घरकाम शिकवलेलं असतं. घरातल्या श्रीमंत मंडळींच्या खुनांसाठी मार्पलबाई घराबाहेर पडत नाहीत. त्या पडतात त्या चिमट्यासाठी. गरीब, साध्या पोरीला मारलं ते मारलं, वर तिची थट्टा केली, हे त्यांना सहन होत नाही. आता वाटतं, सगळ्या बालगीतांच्या खुनांबद्दल ख्रिस्तीला जे म्हणायचं होतं ते त्या म्हाताऱ्या बाईच्या रागात आहे. गाणं म्हणून जे हसण्यावारी नेलं जातं, ते तिला हसण्यावारी न्यायचं नव्हतं. निदान या दोन ठिकाणी तरी नाही.

टेरेन्स ओनीलने २०१० मध्ये या सगळ्यावर पुस्तक लिहिलं. पासष्ट वर्षांनंतर! त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'आमच्यावर प्रेम करणारं कोणीतरी' असा होतो. नाटकाचं गुपित सत्तर वर्षं लाखो लोकांनी इमानाने जपलं. त्याच्यामागच्या मुलाचं नाव मात्र गुपित ठेवायचं काही कारण नव्हतं, पण ते आपोआप तसं राहिलं. थिएटरातून बाहेर पडलो त्या रात्री माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला ते माहीत होतं का, कोण जाणे. मला तरी नव्हतं.

भाऊबीज झाल्यावर भाची परत गेली. जाताना गाडीच्या खिडकीतून दोन बोटांची कात्री करून दाखवत होती. मी तिला काही सांगितलं नाही. साडेचार वर्षांच्या पोरीला काय सांगणार? तिने गाणं म्हणावं, हसावं. मोठ्यांनी मात्र कधीतरी आईसारखं मधेच थांबून विचारावं, "आंधळ्यांच्या?" आई काही ख्रिस्ती वाचत नाही. पण तिला जे अर्ध्या मिनिटात सुचलं, तिथे पोचायला मला एवढी पुस्तकं वाचावी लागली.